लांब पायांची मेंढी

योकोते, १२ फेब्रुवारी २०२६

नोबुएताई,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू ते उघडशील, की न उघडताच चहाच्या डब्याखाली सरकवून देशील, ह्यावर समोरच्या ओनोदेरा न्हाव्यानं माझ्याशी पैज लावली आहे. तो म्हणतो उघडेल. त्याला तू माहीत नाहीस.

आधीच सांगते, हे पत्र रागाबिगाचं नाही. तीन वर्षं पत्र नाही की फोन नाही, ते आपलं राहून गेलं. तुला कोबेत तुझी कामं, मला इथं माझी. आत्ता मला तुझ्याकडून फक्त पाय हवे आहेत.

म्हणजे असं की, आमच्या नाओला दिवस गेलेत. उन्हाळा संपता संपता बाळ येईल. मी आजी होणार! नाओनं फोनवर सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "अगं, मग लोकर कुठली हवी ते बोल," तर ती हसायलाच लागली. म्हणाली, "आई, दुसरी बाई असती तर रडली असती, तू एकदम लोकरीवर आलीस." आता मी आहे अशी आहे. ह्या थंडीत माझं काय काय विणून झालं, सांगू? जावयाला मोजे, दोन्ही पाय घातले की त्यांचा मिळून एक मासा होतो. तो एक पाय सोफ्यावर टाकून बसला की शेपूट एकीकडे आणि डोकं एकीकडे. किकुआत्याच्या किटलीला सुकवलेल्या पर्सिमन फळांच्या माळेचं पांघरूण केलं. आणि ओनोदेराच्या टकलावर घालायला लालभडक अष्टपाद विणला, आठही पाय कानांवरून लोंबतात. तो घालून गिऱ्हाइकांची दाढी करतो बिचारा. परवा एका मुलानं विचारलं, "काका, हा चावत नाही का?" तर म्हणतो, "विणणारी चावते."

तर बाळासाठी मला घोडा करायचा आहे, आपल्या बारा प्राण्यांच्या सालांत हे साल घोड्याचं म्हणून. पण घोडा मला जमत नाही. धड होतं, मान होते, पाय लावले की तो बसकण मारतो. म्हणून मला तुझी ती मेंढी आठवली, माझ्या जन्माच्या वेळी तू विणलेली. तपकिरी अंगाची, वर पांढरे कुरळे केस, आणि पाय असे लांबच्या लांब. आठ वर्षांची होतीस तू. तुझं पहिलं विणकाम आणि शेवटचंही. बाबा जेवायला बसले की म्हणायचे, "नोबुएची मेंढी पळत सुटली तर कोल्ह्याला सापडायची नाही." आणि सगळ्यांत जास्त मी हसायचे. तू सुया सोडल्यास त्या आमच्या हसण्यानंच, असं आई म्हणायची.

हसले असेन, पण ती मेंढी मी टाकली नाही. अजून माझ्या शिवणाच्या पेटीवर उभी आहे, साठ वर्षं होत आली, पण एकदाही कलंडली नाही. पाय कसे विणलेस ते लिही. किती टाके घातलेस, आत काय भरलंस. एवढंच.

इकडे बर्फ खूप आहे. छप्पर साफ करायला आता माणूस लावते. तो वर असला की मी मागच्या खोलीत रेडिओ मोठा करून बसते.

तुझी धाकटी,
योको

❧

योकोते, ९ मे

नोबुएताई,

इकडे चेरी फुलली आणि गळूनही गेली, तुझा पत्ता नाही. पैज मी जिंकले, तेव्हा ओनोदेरानं माझे केस फुकट कापले, आणि वाईट कापले. आरशात बघितलं तर हुबेहूब तू, त्या शाळेतल्या फोटोतली. एवढा राग आला मला.

घोड्याचे तीन प्रयत्न झाले. पहिल्याचा झाला कुत्रा. म्हणजे तुझं जन्मसाल आलं ताई, बळेबळे. दुसरा उभा राहिला, पण तीन पायांवर, चौथा हवेत. नाओ म्हणाली, "आई, ह्याला डॉक्टरकडे ने." तिसरा मी उसवून टाकला. सुलट टाक्यांची साधी वीण, त्यात काय एवढं कठीण आहे? आठ वर्षांच्या पोरीला जमलं आणि मला जमेना. तू दात काढत असशील. काढ.

मुलगी आहे. मागच्या आठवड्यात कळलं. नाओ आनंदात आहे, जावई तर मासे घालून नाचला. पण संध्याकाळी नाओच्या सासूबाईंचा फोन आला, सेंदाईहून. कुवाबाराबाई तशा भल्या आहेत, पण बोलताना आधी गूळ लावतात आणि मग सुई टोचतात.

म्हणाल्या, "हल्ली कोण मानतं म्हणा असलं काही! पण बघा ना, साल घोड्याचं, त्यातही आगीच्या घोड्याचं, आणि नेमकी मुलगी."

मी म्हटलं, "मग?"

"मग काही नाही हो. आमच्या सासूबाई म्हणायच्या, साठ वर्षांनी असं एक साल येतं, त्यातली मुलगी नवऱ्याला खाते. आपण हसायचं आणि सोडून द्यायचं. पण थोडं पुढं गेलं असतं तर बरं झालं असतं, नाही? जानेवारीपर्यंत."

"कुवाबाराबाई," मी म्हटलं, "तो तांदूळ नाही, भिजत घालून ठेवायला."

त्या हसल्या, मी पण हसले. फोन ठेवला. मी विणायला बसले आणि चार ओळी उलटसुलट घातल्या.

ताई, आता तुझ्याशी लपवाछपवी कशाला? मागच्या वेळचं आगीच्या घोड्याचं साल कुठलं, ते तुला माहीत आहे आणि आता मलाही माहीत आहे. नाओच्या बाबांचे, तेत्सुजीचे दिवस झाल्यावर मी किकुआत्याकडे गेले आणि तिच्याकडून सगळं काढून घेतलं. तीही ऐकीव, कारण तेव्हा ती सासरी होती. मी जानेवारीतली नाहीच म्हणे. त्याआधीच्या डिसेंबरातली, साल संपायला चार-पाच दिवस असतानाची. आजीनं पडदे ओढून घेतले, माझे लंगोट घरातच चुलीवर वाळवले, शेजाऱ्यांना सांगितलं की सुनेला पडसं झालंय. आणि नवं साल, मेंढीचं साल लागल्यावर मला जन्माला आल्याचं जाहीर केलं. वर नावातलं 'यो' लिहायलाही मेंढीचं अक्षर घातलं, खिळा मारल्यासारखं. शाळेत योको पाच होत्या, पण मेंढीच्या अक्षरानं लिहिणारी मी एकटी. पोरं मला "बें बें" करायची आणि मी मोठ्या अभिमानानं मागे वळून बघायचे.

आणि जन्मभर केक खाल्ला तो भलत्याच दिवशी!

नाओला मी हे सांगितलेलं नाही. तिची आई मेंढी आहे, शांत, मवाळ, असं ती सगळ्यांना सांगते. (तू हसू नकोस.) आता कसं सांगू? मी घोडी आहे म्हटलं, की पुढचा हिशेब कुणीही करील. तेत्सुजीचा.

तेत्सुजी गेला त्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरात तू किकुआत्याला काय म्हणालीस, ते मला ऐकू आलं नाही बरं का. माझ्या हातात कपांचा ट्रे होता, कप वाजत होते. मला काहीच ऐकू आलं नाही.

पायांचं लिही.

योको

❧

योकोते, २० जून

नोबुएताई,

तुझं कार्ड आलं. तीन वर्षांनंतर बहिणीला लिहायचं ते एका ओळीत! 'पायाला बारा टाके, आत भाताचा कोंडा घट्ट. आणि ती मेंढी नव्हती.' बस्स. खाली नाव. टपालवाल्यानं वाचलं असणार, मला म्हणतो, "काय हो, कुठली मेंढी?"

मी म्हटलं, "तेच तर मला विचारायचंय."

दुपारभर मी कार्ड फ्रिजवर लावून त्याच्याभोवती फिरत होते. मग पेटीवरची ती मेंढी मांडीवर घेतली, चष्मा चढवला, आणि साठ वर्षांत पहिल्यांदा तिच्याकडे विणणाऱ्या बाईसारखं बघितलं. एरवी आपण आपल्या घरातल्या वस्तूंकडे बघतच नाही.

पांढरे कुरळे केस वेगळ्या लोकरीचे आहेत. ते विणलेले नाहीत, नंतर वरून शिवलेत, आणि शिवण मोठ्या माणसाच्या हाताची आहे, आजीची. तो तिचा तिरका टाका मी कुठंही ओळखीन. मी ते केस बोटानं बाजूला केले. खाली मानेच्या कण्यावर, कानांपासून खांद्यापर्यंत, तपकिरी लोकरीच्या बारीक गाठींची ओळ आहे. कात्रीनं कापलेली. मागे शेपटीच्या जागीही तशाच चार गाठी.

ताई, ती अयाळ होती.

तू घोडाच विणला होतास. ते साल घोड्याचं म्हणून, येणाऱ्या बाळासाठी, बाबांचा जुना स्वेटर उसवून. आणि मी घोड्याची नाही असं घरानं ठरवलं तेव्हा तुझ्या घोड्याची अयाळ कापली, शेपूट कापलं, वर केस शिवले आणि म्हणाले, झाली मेंढी. असंच ना? पाय तेवढे कुणाला तोडता आले नाहीत.

मी किती हसले गं त्या पायांना! माझ्या लग्नात, सगळ्या पाहुण्यांसमोर मी ती मेंढी दाखवली आणि म्हटलं, "बघा आमच्या ताईची कला." तू कोपऱ्यात बसून शेवया खात होतीस. तू मान वर केलीस आणि म्हणालीस, "पहिलीच होती." एवढंच म्हणालीस. साठ वर्षं सगळं घर तुला हसलं आणि तू एकदाही म्हणाली नाहीस की अरे, तो घोडा आहे. म्हणाली असतीस तर माझं बिंग फुटलं असतं, म्हणून. आठ वर्षांच्या पोरीनं तोंडाला जे कुलूप लावलं, ते तिनं आई-आजी गेल्यावरही काढलं नाही.

म्हणूनच मला आता कळेनासं झालंय. असं कुलूप लावणारी बाई त्या दिवशी नेमकं तेच का बोलली?

मी मागच्या पत्रात खोटं लिहिलं. मला ऐकू आलं होतं. आत तेत्सुजीला ठेवलेलं, भटजींची पोथी चाललेली, मी चहाचे कप घेऊन दारात, आणि तू किकुआत्याला म्हणालीस, "आजीनं एवढा खटाटोप केला, पण शेवटी घोडी ती घोडीच." मी तो ट्रे खाली ठेवला नाही. आत नेला, सगळ्यांना चहा दिला, तुलाही दिला. तू कप घेताना माझ्याकडे बघितलं नाहीस.

आता सरळ विचारते. मी खाल्लं का गं त्याला?

तो बर्फ काढायला छपरावर चढला तेव्हा मी खालून ओरडले होते, "दोरी बांधा कमरेला!" तर म्हणतो, "मी काय बकरा आहे?" हेच त्याचं शेवटचं वाक्य. दर हिवाळ्यात म्हणायचा, आणि दर हिवाळ्यात आम्ही हसायचो. छपरावरून पडून दरवर्षी इथं कुणी ना कुणी जातं, त्यांच्या सगळ्यांच्या बायका काय घोड्या आहेत? दिवसा मला हे पटतं. पण पहिला बर्फ पडला की पटेनासं होतं. आणि आता ही पोरगी येते आहे. तिच्या पाळण्यात मी कुठल्या तोंडानं घोडा ठेवू? मला वाटतंय की घोडा शुभ आहे असं सांगणारी मी कोण?

दुसऱ्या कुणी सांगून माझं समाधान व्हायचं नाही. जी म्हणाली तिनंच सांगायला हवं. कार्ड नको पाठवूस, पत्र लिही. वाईट असलं तरी चालेल.

पाय बारा टाक्यांवर बरोबर बसले. घोडा उभा राहिला. त्याला मी अजून अयाळ लावलेली नाही.

योको

❧

योकोते, ६ सप्टेंबर

नोबुएताई,

पोरगी आली! वाकाना नाव ठेवलं. डोक्यावर एवढे केस की दाईनं विचारलं, "ही टोपी घालूनच आली का?" आवाज तर असा की ओनोदेरा समोरून दुकानाबाहेर धावत आला. तुझ्यावर गेली आहे असं मी म्हणणार नाही, कारण तू बोलत नाहीस, पण हनुवटी तुझी आहे.

आणि परवा तुझं पाकीट आलं.

आधी पत्र वाचलं. उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं. तू लिहिलंस, 'ते मी कौतुकानं म्हणाले की जीव जळून, हे मला आता सांगता येणार नाही. मी सकाळपासून रडत होते, तेत्सुजी मला धाकट्या भावासारखा होता. आणि तू ताठ. चहा देत होतीस, लोकांच्या चपला सरळ करत होतीस. मला तुझा राग आला, आणि त्याच वेळी वाटलं, बघा, आजीनं कात्री चालवली तरी ही तीच निघाली. मला जी हवी होती ती. मी मेंढी मागितलीच नव्हती. मी घोडा मागितला होता, विणूनसुद्धा ठेवला होता. तू ऐकलंस हे मला कप घेताना कळलं, आणि तुझ्याकडे बघायची हिंमत झाली नाही. तीन वर्षं झाली नाही.'

आणि पुढं, 'तू कुणाला खाल्लं नाहीस, योको. तुला तर मासा सोलतानासुद्धा त्याची माफी मागायची सवय.'

हे वाचून मी हसले, आणि हसता हसता जी रडायला लागले ती थांबेचना. तेत्सुजी गेल्यावर मी रडले नव्हते ते सगळं तेव्हा बाहेर आलं. नाओ बाळाला पाजता पाजता ओरडली, "आई! कोण गेलं?"

मी म्हटलं, "कुणी गेलं नाही. मी आलेय. डिसेंबरात."

मग सांगितलं सगळं. आजीचे पडदे, लंगोट, तुझा घोडा, छप्पर, सगळंच. मला वाटलं होतं ती गप्प होईल. तिनं बाळाला दुसऱ्या कुशीत घेतलं. मग म्हणाली, "बाबा दोरी न बांधता चढले, आई. त्यात घोड्यानं काय करायचं?" इतकं साधं. आणि लगेच, "थांब, म्हणजे तू ह्याच वर्षी साठीची! पुढच्या वर्षी नाही! लाल टोपी, लाल बंडी, सगळं ह्याच वर्षी करायचं!" आणि तिनं वाकानाच्या कानात सांगितलं, "तू आणि आजी दोघी घोड्या गं, एकाच जातीच्या." तेव्हा त्या पोरीनं जी काय जांभई दिली!

कुवाबाराबाई बाळाला बघायला आल्या होत्या. त्यांना मी हातमोजे विणून दिले, घोड्याच्या खुरांचे. त्यांनी हात घातले आणि म्हणाल्या, "अगंबाई, ह्यांना बोटंच नाहीत!" मी म्हटलं, "घोड्याला कुठं असतात? घाला, मी पण त्याच सालातली आहे." त्यांनी खुरांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "तरीच!" आणि पहिल्यांदा मनापासून हसल्या. खुरांनीच त्यांनी बाळाला उचललं.

पाकिटातली ती कागदाची पुडी मी सगळ्यांत शेवटी उघडली. मला वाटलं, डांबरगोळ्या असतील, वास तसाच होता. आत बाबांच्या स्वेटरची तपकिरी लोकर, वीतभर लांबीच्या धाग्यांची जुडी, एका टोकाला कापलेली. आजीनं कात्री चालवली तेव्हा तू ती केरातून उचललीस आणि आजपर्यंत जपलीस. लग्न होऊन कोबेला गेलीस तेव्हा नेलीस, घर बदललंस तेव्हा नेलीस. मी इकडे सगळ्या गावाला गमतीजमती विणून वाटत बसले होते आणि माझी अयाळ तिकडे तुझ्याकडे होती.

आज सकाळी बसले. आजीची शिवण उसवली. वाईट वाटलं तिला उसवताना, तिनं आपल्या परीनं मला वाचवायलाच घातली होती. पांढरे कुरळे केस फेकले नाहीत, वाकानाच्या घोड्याच्या पोटात भरले. मग जुन्या गाठींना एकेक धागा बांधत गेले, कानांपासून खांद्यापर्यंत. बरोबर पुरली. जुना घोडा वाकानाच्या उशाशी आहे आणि मी केलेला पायथ्याशी. दोन्ही उभे आहेत.

तुझ्या घोड्याला शेपूट मात्र नाही. मी पुडी झटकून बघितली, पाकीट उलटं करून बघितलं. मग तुझ्या पत्राच्या अगदी खाली ते दिसलं. 'शेपूट पाठवत नाही. ते मी माझ्या हातानं लावीन.'

सत्तावीस डिसेंबरला ये, माझ्या खऱ्या वाढदिवसाला. त्या दिवशी मी जन्मले हे प्रत्यक्ष बघितलेली तू एकटीच उरली आहेस. टोपी तू विणून आण, लाल, माझी मला विणता यायची नाही. साठीची टोपी दुसऱ्यानंच द्यायची असते. सुया धरून जमाना झाला असं रडगाणं गाऊ नकोस. वाकडी झाली तरी हसणार नाही. म्हणजे थोडी हसेन.

स्टेशनवर ओनोदेरा येईल न्यायला. डोक्यावर अष्टपाद असेल, घाबरू नकोस.

तुझी घोडी,
योको